चिको मेंडेस : जंगलातला कामगारपुढारी

(द्वितीय वर्ष, कला)

कामगारपुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, फाटकापुढची सभा आणि खांद्यावरचा बावटा उभा राहतो. पर्यावरणवादी म्हटला की गळ्यात दुर्बीण अडकवलेला शहरी अभ्यासक दिसू लागतो. ही दोन माणसे एकमेकांच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि गेलीच तर भांडतात, असा आपला समज असतो. एकाला कारखाना चालू हवा, दुसऱ्याला त्याचा धूर बंद हवा. हवामानबदलाच्या आजच्या चर्चेत हे भांडण वारंवार ऐकू येते.

ब्राझील देशातील एका माणसाच्या ठायी मात्र ही दोन्ही माणसे एकत्र नांदत होती. त्याचे पूर्ण नाव फ्रान्सिस्को आल्व्हेस मेंडेस फिल्यो. जग त्याला चिको मेंडेस म्हणून ओळखते. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याचा खून झाला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी पर्यावरणाचा हुतात्मा म्हणून त्याचा गौरव केला. तो योग्यच होता. परंतु ज्या शापुरी गावात तो राहत होता, तेथे लोक त्याला युनियनचा अध्यक्ष म्हणून ओळखत. ही दुसरी ओळख समजून घेतल्याशिवाय पहिली नीट कळत नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

शापुरी हे आक्रे प्रांतातील गाव. आक्रे म्हणजे ब्राझीलचे पश्चिमेकडील टोक, बोलिव्हिया आणि पेरू या देशांना लागून असलेले अ‍ॅमेझॉनचे घनदाट अरण्य. १९०३ पर्यंत हा मुलूख बोलिव्हियाचा होता. तो ब्राझीलकडे आला तो रबरामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला रबर हवे होते, आणि ते या जंगलात होते. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातून हजारो माणसे झाडांचा चीक काढण्यासाठी येथे आणली गेली. पण १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने रबराच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या होत्या. त्यांच्या रोपांपासून मलाया आणि श्रीलंका येथे मळे उभे राहिले, आणि १९१२ नंतर अ‍ॅमेझॉनच्या रबराचा भाव कोसळला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला तेव्हा ब्राझील सरकारने पुन्हा हजारो माणसे जंगलात धाडली. त्यांना रबराचे सैनिक असे नाव दिले गेले. युद्ध संपल्यावर या सैनिकांची आठवण कोणालाही राहिली नाही.

चिकोचे घराणे अशाच स्थलांतरितांपैकी, मूळचे सेआरा प्रांतातले. त्याचा जन्म १५ डिसेंबर १९४४ रोजी शापुरीजवळच्या रबराच्या रानात झाला. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास तो वडिलांबरोबर झाडांना चीर देऊ लागला.

हे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावरच उभी आहे. रबरमजूर पहाटे अंधारात उठतो. कपाळावर पोरोंगा नावाचा रॉकेलचा छोटा दिवा बांधतो आणि रानातली ठरलेली वाट धरतो. एका वाटेवर शंभर ते दोनशे झाडे. प्रत्येक झाडाला तिरपी चीर द्यायची, खाली पत्र्याची वाटी अडकवायची. दुपारी त्याच वाटेने परत फिरून चीक गोळा करायचा आणि मग धुराच्या भट्टीवर तो थरांवर थर चढवून घट्ट करायचा. त्या धुराने डोळे आणि छाती दोन्ही खराब होतात. पावसाळ्यात चीक काढता येत नाही, तेव्हा ब्राझील नट नावाच्या कठीण कवचाच्या बिया वेचायच्या.

ही झाडे रानात एकमेकांपासून दूर दूर असतात. जवळजवळ लावली तर अ‍ॅमेझॉनमध्ये त्यांच्या पानांवर बुरशीचा रोग पडतो आणि मळाच्या मळा जातो. मोटारसम्राट हेन्री फोर्डने १९२८ मध्ये तापाजोस नदीकाठी फोर्डलांदिया नावाचे शहर वसवून रबराची लागवड केली. तिची हीच गत झाली आणि १९४५ मध्ये त्याला ती जमीन सरकारला परत विकावी लागली. सारांश, अ‍ॅमेझॉनमध्ये रबर हवे असेल तर सभोवतालचे जंगल उभे राहिले पाहिजे. चीर नीट दिली तर झाड वर्षानुवर्षे चीक देते. झाड तोडणे म्हणजे या मजुराने स्वतःचा पगार तोडणे होय.

पण पगार तरी कुठे होता? रानाचा मालक मजुराला हत्यारे, मीठ, पीठ, रॉकेल उधारीवर देई. रबर त्यालाच विकावे लागे. भाव तो ठरवी, वजन तो करी, झाडांच्या वाटांचे भाडेही तोच कापून घेई. वर्षाच्या शेवटी हिशेब झाला की मजुराच्या नावावर कर्ज उरलेलेच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना उचल आणि मुकादमाची वही समजावून सांगावी लागत नाही. ही रीत त्यांना दुरून ओळखता येईल. मालक रानात शाळा काढू देत नसत. मुले शाळेत गेली तर चीक कोण काढणार, हे एक कारण. आणि ती आकडेमोड शिकली तर वही वाचतील, हे दुसरे.

चिकोही अठरा-वीस वर्षांचा होईपर्यंत फारसा शिकू शकला नसता, पण त्याला एक विलक्षण गुरू भेटला. युक्लिदिस तावोरा हा पूर्वीचा लष्करी अधिकारी. १९३५ च्या कम्युनिस्ट उठावात भाग घेतल्यामुळे त्याला परागंदा व्हावे लागले होते. अनेक वर्षे भटकून तो बोलिव्हियाच्या सीमेजवळ रानात झोपडी बांधून राहिला होता. किशोरवयातला चिको कित्येक तास चालत त्याच्याकडे जाई. तेथे क्रमिक पुस्तक नव्हते. जुनी वर्तमानपत्रे हेच पुस्तक. पुढे रेडिओ आला, तेव्हा मॉस्को, लंडन आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणच्या पोर्तुगीज बातम्या ऐकून एकच घटना तिघे कशी वेगवेगळी सांगतात, याची चर्चा होई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे चरित्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. अक्षर ओळखणे आणि वही वाचता येणे यांत अंतर आहे. तावोराने चिकोला दुसरी गोष्ट शिकवली. उद्या कुठलीही युनियन निघाली, ती सरकारच्या मर्जीतली असली तरी तीत शिर, बाहेर राहू नकोस, असा त्याचा सल्ला होता. साठीच्या दशकाच्या मध्यास तावोरा आजारी पडून निघून गेला तो पुन्हा दिसला नाही.

१९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. अ‍ॅमेझॉन म्हणजे रिकामी जमीन, ती विकसित केली पाहिजे, असे नव्या राज्यकर्त्यांचे धोरण होते. रस्ते निघाले, गुरांची कुरणे करणाऱ्यांना करसवलती आणि स्वस्त कर्जे मिळाली. सत्तरीच्या दशकात रबराचे कर्जबाजारी मालक आपली राने दक्षिणेकडच्या श्रीमंत कुरणमालकांना विकू लागले. कुरणासाठी जंगल तोडून पेटवायचे, मग गवत पेरायचे. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मजुरांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. कित्येक कुटुंबे बोलिव्हियात गेली, कित्येक रियो ब्रांको या राजधानीच्या झोपडपट्टीत.

येथे मालक आणि मजूर यांच्या नात्यात एक मोठा फरक पडला. जुना मालक मजुराला लुबाडत होता, पण त्याला मजूर हवा होता. नव्या मालकाला तो नकोच होता. हजारो एकरांच्या कुरणाला चार-दोन गुराखी पुरतात. संप हे कामगाराचे हत्यार खरे, पण ज्याला तुमचे काम नकोच आहे त्याच्याविरुद्ध संप कसा करणार? या प्रश्नाला रबरमजुरांनी जे उत्तर शोधले त्यातून चिको मेंडेस यांचे सार्वजनिक आयुष्य घडले.

१९७५ मध्ये शेतमजुरांच्या राष्ट्रीय महासंघाचे कार्यकर्ते आक्रेमध्ये आले. ब्राझिलेया गावी युनियन निघाली. तावोराचा सल्ला न विसरलेले मेंडेस तिचे चिटणीस झाले. १९७७ मध्ये शापुरीतही युनियन उभी राहिली, आणि पुढे ते तिचे अध्यक्ष झाले. या युनियनचे हत्यार होते एम्पाते. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ बरोबरी किंवा अडवणूक असा काहीसा. १९७६ पासून हे सुरू झाले. कुठे जंगलतोड चालू आहे असे कळले की शंभर-दोनशे रबरमजूर, बायकामुलांसह, रानातून चालत तेथे जात. हाती शस्त्र नसे. ते करवतींच्या आणि झाडांच्या मध्ये उभे राहत. आपल्याकडे १९७३ पासून हिमालयात झालेले चिपको आंदोलन वाचकांना आठवेल. पण एम्पातेमध्ये आणखी एक गोष्ट होती. यांत्रिक करवत चालवणारे लोकही कुठून तरी पोटासाठी आणलेले गरीब मजूरच होते. मेंडेस आणि त्यांचे सहकारी त्यांना शत्रू मानत नसत. त्यांच्याशी बसून बोलत, उद्या हे रान गेले की तुमचेही काम संपेल हे पटवत. अनेकदा ते मजूर करवती खाली ठेवून निघून जात. म्हणजे एका मजुराने दुसऱ्या मजुराला काम थांबवायला लावणे, हा संपाचाच प्रकार झाला.

हे सर्व प्रयत्न यशस्वी झाले असे मात्र नाही. मेंडेस यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे १९७६ पासून झालेल्या ४५ एम्पातेंपैकी ३० फसले आणि १५ यशस्वी झाले. पोलीस मारहाण करीत, अटक करीत. १९७९ च्या अखेरीस मेंडेस यांनाही पकडून छळण्यात आले. २१ जुलै १९८० रोजी ब्राझिलेयाच्या युनियनचे अध्यक्ष विल्सन पिन्येरो यांना युनियनच्या कचेरीतच गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांचा तपास होईना. संतापलेल्या मजुरांनी कुरणाच्या एका व्यवस्थापकाला ठार केले, तेव्हा मात्र सरकारी यंत्रणा तत्काळ हलली आणि मजुरांची धरपकड झाली. मेंडेस यांच्यावर आणि पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालेले कामगारपुढारी लुला यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला भरला गेला. १९८४ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

या धामधुमीतही मेंडेस यांनी शाळेचे काम सोडले नाही. १९८१ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ मेरी आलेग्रेती यांच्या साहाय्याने रबरमजुरांसाठी रानात शाळा सुरू झाल्या. प्रौढांसाठी जे पहिले पुस्तक तयार केले त्याचे नाव ठेवले पोरोंगा, म्हणजे कपाळावरचा तोच दिवा. जी युनियन वही वाचू शकत नाही ती टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

ऑक्टोबर १९८५ मध्ये रबरमजुरांची पहिली राष्ट्रीय परिषद राजधानी ब्राझिलिया येथे भरली. शंभरावर मजूर आले होते. त्यांतील कित्येकांनी पूर्वी मोठे शहर पाहिलेही नव्हते. तेथे रबरमजुरांची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि एक अभिनव कल्पना मांडली गेली. जंगल सरकारच्या मालकीचे राहावे, ते कोणाला विकता येऊ नये, पण तेथे राहणाऱ्यांना चीक काढण्याचा, बिया वेचण्याचा, लहानशी शेती करण्याचा कायम हक्क असावा. याला वनोपज राखीव क्षेत्र असे म्हणता येईल. कल्पनेच्या मुळाशी आदिवासींच्या राखीव भूमीचे उदाहरण होते. ज्या आदिवासींशी रबरमजुरांच्या आजोबा-पणजोबांनी रक्तपात केला होता, त्यांच्याशीच आता त्यांनी वनवासी जनांची आघाडी उभारली. जुने वैर बाजूला ठेवणे सोपे नसते, पण दोघांनाही हाकलणारा एकच होता.

याच सुमारास परदेशातील पर्यावरण संघटनांना मेंडेस माहीत झाले. आक्रेमध्ये जाणाऱ्या बी. आर. ३६४ या रस्त्याच्या डांबरीकरणासाठी आंतर-अमेरिकी विकास बँक कर्ज देत होती. मार्च १९८७ मध्ये मेंडेस अमेरिकेत मायामी येथे बँकेच्या वार्षिक सभेच्या ठिकाणी गेले. इंग्रजी येत नसलेला हा माणूस दुभाष्याच्या मदतीने बँकवाल्यांशी आणि अमेरिकी सिनेट सदस्यांशी बोलला. त्यांचा रस्त्याला सरसकट विरोध नव्हता. रस्ता करताना जंगल आणि त्यातील माणसे यांचे रक्षण करण्याचे जे वचन दिले होते ते पाळा, एवढीच मागणी होती. बँकेने कर्जाचे हप्ते थांबवले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ग्लोबल ५०० हा पुरस्कार दिला. घरी परतल्यावर मात्र विकासाचा वैरी, परकीयांचा हस्तक अशी दूषणे त्यांच्या वाट्याला आली.

१९८८ हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. हवामानबदलाचा अभ्यास करणारी आंतरसरकारी समिती त्या वर्षी स्थापन झाली, आणि अ‍ॅमेझॉनच्या आगींची चर्चा जगभर होऊ लागली. उभे जंगल कार्बन साठवून ठेवते आणि जाळले की तोच कार्बन हवेत जातो, ही गोष्ट सामान्य वाचकाला तेव्हा प्रथम कळत होती. त्याच वर्षी ब्राझीलच्या केंद्रीय कामगार संघटनेच्या तिसऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात मेंडेस यांनी वनवासी जनांच्या रक्षणाचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. मोटारीच्या कारखान्यातले कामगार आणि रबराच्या रानातले मजूर एका ठरावाला हात वर करतात, ही घटना मला पुरस्कारापेक्षाही मोठी वाटते.

पण त्यांचे दिवस भरत आले होते. दार्ली आल्व्हेस नावाच्या कुरणमालकाने काशोएरा या रानावर हक्क सांगितला. मेंडेस यांचे नातेवाईक त्याच रानात राहत होते. मजुरांनी वाटा अडवल्या, त्याला आत पाऊल ठेवू दिले नाही, आणि अखेर सरकारने ते रान ताब्यात घेऊन मजुरांसाठी राखून ठेवले. दुसऱ्या प्रांतातील एका जुन्या खुनाबद्दल दार्लीवर अटकेचा हुकूम होता. मेंडेस यांनी तो मिळवून पोलिसांपर्यंत पोचवला, पण अंमलबजावणी झाली नाही. आपल्याला मारणार हे त्यांना ठाऊक होते, त्यांनी अधिकाऱ्यांना तसे कळवलेही होते. सरकारने दोन पोलीस राखणीला दिले.

२२ डिसेंबरच्या संध्याकाळी मेंडेस शापुरीच्या आपल्या लाकडी घरात त्या पोलिसांबरोबर डॉमिनो खेळत होते. पत्नी इल्झामार जेवणाची तयारी करीत होत्या. मुलगी एलेनिरा चार वर्षांची, मुलगा सांदिनो दोन वर्षांचा. अंगणातल्या न्हाणीकडे जाण्यासाठी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, मागचे दार उघडले, आणि अंधारातून बंदुकीचा बार झाला. नुकतीच त्यांना ४४ वर्षे पूर्ण झाली होती. डिसेंबर १९९० मध्ये दार्ली आणि त्याचा मुलगा दार्सी यांना प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये दोघे तुरुंगातून पळाले. १९९६ मध्ये ते पुन्हा पकडले गेले.

मेंडेस यांच्यामागे त्यांची कल्पना राहिली. १९९० मध्ये ब्राझीलमधील पहिली वनोपज राखीव क्षेत्रे जाहीर झाली. त्यांपैकी आक्रेमधील सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टरांच्या क्षेत्राला चिको मेंडेस यांचे नाव दिले गेले. १९९९ मध्ये आक्रे प्रांताने त्यांच्याच नावाचा कायदा करून रबरमजुरांना किलोमागे अनुदान सुरू केले. मजूर जंगल राखतो, हे काम आहे आणि कामाचा मोबदला असतो, हे सरकारने मान्य केले. त्यांच्या सहकारी मरीना सिल्व्हा, ज्या स्वतः रबरमजुराच्या घरात जन्मल्या आणि सोळाव्या वर्षी लिहायला शिकल्या, त्या २००३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ब्राझीलच्या पर्यावरणमंत्री झाल्या. मात्र सगळेच गोड झाले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रबराला भाव राहिला नाही, तेव्हा राखीव क्षेत्रातल्याही काही कुटुंबांनी झाडे तोडून गुरे पाळायला सुरुवात केली. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या कामावर पोट भरत नाही त्या कामासाठी माणूस जंगल किती दिवस राखील?

मेंडेस यांच्या आयुष्याचा धडा मला येथेच सापडतो. २०१५ च्या पॅरिस करारात कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक हवामान परिषद अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी असलेल्या बेलें शहरात भरली, तेथेही हा विषय निघाला. कोळशाच्या खाणी बंद होतील, वाहने विजेवर चालतील, जंगले राखली जातील. यातील प्रत्येक निर्णयात कोणाची तरी रोजी आहे. तो निर्णय जर केवळ सरकार, बँका आणि तज्ज्ञ यांनी घेतला, तर मजूर त्याला विरोध करील किंवा त्याखाली चिरडला जाईल. मजुराची युनियन त्यात पहिल्यापासून असेल तर तोच त्या निर्णयाचा राखणदार होतो. शापुरीच्या रबरमजुरांनी जंगल वाचवले ते त्यांची रोजी आणि जंगल या दोहोंचा हिशेब एकच होता म्हणून.

पृथ्वीच्या तापमानाचीही आता एक मोठी वही लिहिली जात आहे. कोणी किती धूर सोडला, कोणी किती भरायचे, कोणाचे काम जाणार, हे सारे तीत मांडले जाईल. ज्यांना ती वाचता येणार नाही त्यांच्या नावावर कर्ज उरेल, जसे रबराच्या रानात उरत होते. आपण कला शाखेचे विद्यार्थी विज्ञानाचा हा विषय आपला नव्हे असे समजून दूर राहतो. ज्या घरांतून आपण येथे आलो त्या घरांसाठी तरी आपण ती वही वाचायला शिकले पाहिजे.